उतरायची जागा

माझ्या स्वभावात संशय आहे असं सासरी सगळे म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. पण तो मी माहेराहून आणलेला नाही. गावच्या डेअरीत दूध घ्यायला बसले आणि तो अंगाला चिकटला. रोज सकाळी माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. सगळी गावातलीच, कुणी नात्यानं दीर, कुणी जाऊ, कुणी माझ्या लग्नात अक्षता टाकलेला. सगळे हसून "काय आक्का, बरं हाय न्हवं?" म्हणतात, आणि त्यातल्या काहींच्या दुधात पाणी असतं. तोंडावरून ते कळत नाही. उलट ज्याच्या किटलीत पाणी असतं तो जरा जास्तच हसतो. म्हणून मी हसण्याकडं बघतच नाही. काचेची नळी दुधात सोडते आणि ती किती बुडते तेवढं बघते.

डेअरी गावच्या कमानीला लागून आहे. गावात काय येतं आणि गावातून काय जातं ते मला बसल्या जागी दिसतं. वर्षातून एकदा, वैशाखात, महाराजांच्या जयंतीला, त्या कमानीखालून ज्योतही येते. आमच्या भागात ही रीतच आहे. पोरं आदल्या दिवशी टेम्पो करून गडावर जातात, तिथंच मुक्काम करतात, पहाटे ज्योत पेटवतात आणि आळीपाळीनं हातात घेऊन पळत गावात आणतात. मागून टेम्पो येतो. त्यात पाण्याचे कॅन, स्पीकर, आणि वाऱ्यानं ज्योत विझलीच तर असावा म्हणून एक पेटता कंदील. कमानीत आम्ही बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या.

दरवर्षी पोरं निथळत येतात, घोषणा देत येतात, आणि दरवर्षी माझ्या मनात पाल चुकचुकते. जो गडापासून पळत आलाय त्याच्या छातीत घोषणा द्यायला वारा उरतो कुठून? शिवाय घाम कसा येतो ते मला ठाऊक आहे. काखा आधी भिजतात, मग पाठ. ह्यांचे शर्ट पुढून चिंब आणि काखा कोरड्या. पण मी पडले सून. हातात ताट, डोक्यावर पदर. ओवाळलं आणि घरी आले.

यंदा आमच्या ह्यांनी जयंती मंडळाच्या बैठकीतून बातमी आणली की ज्योतीला आता पोरीही जाणार.

"का?" मी विचारलं.

"का म्हंजे? काळ बदललाय."

काळ असा एका बैठकीत बदलत नसतो. मी डेअरीत बसल्या बसल्या चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. गावातली निम्मी पोरं गोव्याला हॉटेलात, उरलेली पुण्या-बेंगळुरूला कंपनीत. जी घरी होती त्यांतल्या एकाचा गुडघा दुखत होता, एकाचा क्लास होता, एकाला त्याची आई उन्हात सोडत नव्हती. ज्योत धरायला हात कमी पडले तेव्हा मंडळाला पोरींची आठवण झाली होती. ठीक आहे, म्हटलं. अडला हरी, पण पोरींच्या दारात तरी आला.

माझं माहेर निपाणीकडचं. बोरगावच्या वाटेवरचं गाव. हायस्कूल लांब होतं आणि सकाळी तंबाखूच्या रानात हात लावल्याशिवाय शाळेला सोडत नसत, त्यामुळं आम्ही भावंडं शाळेला रोज पळतच जात होतो. त्याला तेव्हा कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, उशीर म्हणत होते. शाळेच्या फाटकाला मी भावाच्या आधी पोचायची. एकदाही तो पुढं गेला नाही. तरी जयंती आली की ज्योतीला तो जायचा. एका वर्षी मीही हट्ट धरला. आईनं माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. भाऊ कमानीखालून आला तेव्हा त्याला ओवाळताना मला इतका राग आला होता की निरांजन विझलं. लग्न करून इकडं आले, इकडंही कमान होती आणि ताट होतं.

म्हणून माझी एकच इच्छा होती. माझ्या लेकीनं ज्योत घेऊन पळावं, आणि खरंच पळावं. खोटंच पळायचं असेल तर मग ताट काय वाईट आहे?

लेक नववीत. शहरात, कॅम्पातल्या एका जुन्या शाळेत जाते. व्हॅन दारातून नेते, दारात आणून सोडते. मधल्या वेळात तिचे पाय जमिनीला किती वेळ लागतात ह्याची मला आधीपासून शंका होती. ती शंका पालकसभेच्या दिवशी खरी ठरली. सभा संपून मी बाहेर आले तर ग्राउंडवर पी.टी.चे सर नववीच्या पोरांना पळवत होते. फक्कीच्या दोन रेघा मारल्या होत्या. मोबाइलवर घंटा वाजायची, आणि पुढची घंटा व्हायच्या आत पोरांनी एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायचं. घंटा हळूहळू लवकर लवकर होत जाते. ज्याला गाठता येत नाही त्यानं बाजूला बसायचं. मी लिंबाखाली उभी राहून बघत होते. घंटा अजून निवांतच वाजत होती, तोवर माझी लेक कमरेवर हात ठेवून बाजूला झाली. ती एकटी असती तर मी समजून घेतलं असतं. पण बघता बघता ग्राउंड रिकामं झालं. सगळी पोरं सावलीत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसली आणि घंटा आपली वाजतच राहिली.

सर निवृत्तीला आलेले. मला म्हणाले, "बाई, ह्याच ग्राउंडवर पूर्वी मला घंटा बंद करावी लागायची. पोरं थांबायचीच नाहीत. आता घंटा उरते आणि पोरं संपतात. दरवर्षी थोडी थोडी आधी."

मी त्यांच्याकडंही संशयानंच बघितलं. एक तर सरांचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं. दुसरं म्हणजे, म्हातारी होत चाललेली माणसं आपल्या काळातलं सगळं जास्त मोजून सांगतात, दुधापासून पावसापर्यंत. आणि तिसरं, लेकीच्या प्रगतिपुस्तकात शारीरिक क्षमतेपुढं ह्याच सरांनी 'उत्तम' लिहिलं होतं.

"मग हे उत्तम कसं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच उत्तम लिहितो. नाहीतर पालक भांडायला येतात."

म्हणजे इथंही पाणी. पोरांच्या दमातही पाणी आणि पुस्तकातही. पेपरात मधनंअधनं येतं की जगभरच्या पोरांचा दम त्यांच्या आईबापांच्या मानानं कमी झालाय. ते मी खरं धरत नव्हते. पेपरवाल्यांना काहीतरी छापावं लागतं. पण त्या दिवशी व्हॅनमध्ये बसायला जाणाऱ्या पोरांच्या रांगेकडं बघून मला ते खरं वाटायला लागलं. लेकीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "काही नाही हो, पळायची सवय नाही." मी दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. तेही तेच म्हणाले. दोघंही एकाच शाळेत शिकले असतील, असं मी मनाशी म्हटलं, पण तिसरा डॉक्टर मात्र गाठला नाही.

परीक्षा संपल्यावर मी तिला सराव लावला. सकाळी तळ्याच्या वाटेनं पळत चिंचेपर्यंत जायचं आणि पळत परत यायचं. मला डेअरी सोडता येत नव्हती, ती एकटी जायची. येऊन सांगायची, "चिंचेपर्यंत पळाले." मी तिच्या गालाला हात लावून बघायची. गाल गार. सलग काही दिवस गार गाल बघितले आणि एका सकाळी शेजारणीला डेअरीत बसवून मी आधीच जाऊन चिंचेमागं उभी राहिले. लेक आली. चालत आली. बगळे बघत, पायानं खडा उडवत आली. वाटेवरच्या मोरीच्या कठड्यावर बसली, उगीच नखं बघितली, उठली. मी झाडामागून पुढं झाले.

मला वाटलं ती घाबरेल किंवा रडेल. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, तू झाडामागं उभी राहिलीस?"

जणू पकडली मीच गेले होते. मला संताप आला. "मग काय करू? खरं सांगतीस का तू?" म्हणून मी तिला तिथंच चार शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिचे गाल तापलेले असायचे. ती पळत होती. पण त्यानंतर माझ्याबरोबर कुठं जाताना वाटेत मोठं झाड आलं की तिची नजर आधी बुंध्यामागं जायची. आमचे हे म्हणाले, "तू पोलिसात जायला पाहिजे हुतीस." मी ते कौतुक समजले.

पोरीला पळायला लावलं, आता टेम्पोचं काय? मला दुधातली एक युक्ती ठाऊक आहे. दोन भावांचं दूध पातळ निघालं की धाकट्याला सांगायचं, थोरल्यानं कबूल केलंय. बहुतेक वेळा धाकटा लगेच म्हणतो, त्यानं माझ्यापेक्षा जास्त घातलंय.

आमच्या घरात गडापासून पळत आलेले दोघं. एक आमचे हे आणि एक सासरे. सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. दोघांनीही लग्न झाल्यापासून मला ऐकवलंय, गडापासनं एका दमात आलतो. संध्याकाळी चहा देताना मी ह्यांना सहज म्हणाले, "अहो, आप्पांनी मला सगळं सांगितलं. टेम्पोत कुठं बसायचं आणि कुठं उतरायचं ते."

ह्यांनी कप खाली ठेवला. "आप्पांनी सांगितलं? मग गुऱ्हाळापासनं हितवर कोण पळायचं, त्ये न्हाय सांगितलं? भर उन्हातनं? चढाचं?"

"गुऱ्हाळापासनं होय?"

"मग! एकजण बी मधी थांबत न्हवता." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चहा तसाच टाकून ते उठून गेले.

आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी तिकडं गेले. "आप्पा, हे म्हणतायत, तुमच्या वेळेला तुम्ही सगळे टेम्पोतनंच येत हुतासा."

"टेम्पो?" आप्पा उसळले. "टेम्पो कुठला तवा! खानापूरचा लाकडाचा ट्रक हुता. त्यो बी नुसता पुलापतोर. पुलापासनं गावापतोर पळत. आन त्यो कोण मला सांगणार? त्यो कुठं उतरत हुता?"

"गुऱ्हाळाजवळ."

आप्पा कट्ट्यावरून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी उघडी पडल्याचं काहीच नव्हतं. त्यांना वेगळ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. "गुऱ्हाळाजवळ?" ते परत म्हणाले. "आन मला गडापासनं म्हणत हुता! बापाला!"

मी हसू दाबलं. पण आप्पांना खरंच लागलं होतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मी लहान आहे. गाव कमानीत ताटकळत उभं असतं, मुहूर्त गाठावा लागतो, आणि गडापासनं पळायला माणूस म्हंजे काय घोडा हाय का? आधीच्यांनी ट्रकात चढवलं म्हणून आमी चढलो. घरी सांगायचं न्हाय, ह्यो नेम. बाप पोराला सांगत नव्हता, पोरगा बापाला सांगत नव्हता, आणि बायकांना तर कुणीच सांगत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही टेम्पोतून उतरलेल्यांना ओवाळत होतो.

त्या रात्री अंथरुणावर मी तो रस्ता डोळ्यांपुढं आणला. गडाकडून येताना आधी पूल लागतो, मग बऱ्याच अंतरानं गुऱ्हाळ, मग वळणावरचं लग्नाचं कल्याण मंटप, आणि वळण घेतलं की आमची कमान. बाप पुलाजवळ उतरला, लेक गुऱ्हाळाजवळ. पी.टी.चे सर खोटं बोलत नव्हते तर. उतरायची जागा गावाकडं सरकत आली होती. मग आताची पोरं कुठं उतरत असतील? कल्याण मंटपाच्या मागं. दुसरी जागाच नव्हती. तिथून कमान चार उड्यांवर, आणि डेअरीतून ती जागा दिसतही नाही. आताच्या पोरांच्या पोरांना टेम्पो सरळ कमानीतच आणून सोडेल, असं मला वाटून गेलं. अर्थात आप्पांच्या पुलावरही माझा पुरता विश्वास बसलेला नव्हता.

लेकीला ह्यातलं काही सांगितलं नाही. गडावर निघताना ती पिशवीत बाटली भरत होती तेव्हा एवढंच म्हणाले, "टेम्पोत बसायचं असलं तर आत्ताच सांग, मी ताट घासून ठेवते. पळायचं तर पळ. आणि ध्यानात ठेव, मी वाटेत कुठंतरी उभी असणार."

"कुठं?"

"ते सांगितलं तर उभं राहून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उरकलं, स्कूटी काढली आणि कल्याण मंटपाच्या मागं जाऊन उभी राहिले. टेम्पो आला. थांबला. फळी पडली आणि पोरं उतरली. एकानं कॅन उचलून सगळ्यांच्या छातीवर पाणी ओतलं. पुढून. मंडळाचा म्होरक्या पोरगा कंदिलावर ज्योत पेटवत होता. दोन पोरी उतरल्या, केस सारखे करत. मी पुढं झाले. इतक्या वर्षांचा संशय खरा निघाला होता आणि मला खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. मग मी टेम्पोत बघितलं. टेम्पो रिकामा होता.

"आमची कुठं हाय रं?"

म्होरक्याच्या हातातली ज्योत पेटली होती. त्यानं ती खाली केली. "काकू, ती बसलीच न्हाय."

"म्हंजे?"

"गडाखाली सगळ्यांस्नी बसा म्हणालो. ती न्हाय म्हणाली. म्हणाली, आमची मम्मी कुठल्या झाडामागं उभी आसंल सांगता येत न्हाय. लई सांगितलं काकू. मुहूर्त चुकाय लागला म्हणून आमी फुडं आलो."

"पोरीला एकटीला सोडून?"

"एकटी कुठं? वाटंला साऱ्या गावांच्या ज्योती हायत की."

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्कूटी चालू केली आणि गडाच्या दिशेनं सुटले. ऊन तापायला लागलं होतं. गुऱ्हाळ आलं, तिथं ती नव्हती. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की पोरगी कुठं चक्कर येऊन पडली असेल, नाहीतर कुणाच्या गाडीखाली आली असेल. वाटेत दुसऱ्या गावांच्या ज्योती लागत होत्या. घरं आली की पोरं टेम्पोपुढं पळत होती, घरं संपली की चढून बसत होती. मी प्रत्येक टेम्पोत डोकावले, प्रत्येक झाडाच्या सावलीत बघितलं. पूल आला. पुलाच्या कठड्याशीही ती नव्हती. 

पूल ओलांडून चढण लागते. त्या चढणीच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेनं, ती येत होती. चालत होती. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे, एक हात कुशीत रुतवलेला. दोन्ही हातांत काही नव्हतं. ज्योत टेम्पोतून कधीच पुढं गेली होती. तिनं मला बघितलं, आणि ती पळायला लागली.

मी स्कूटी आडवी घातली. "थांब. थांब गं. बस गाडीवर."

ती थांबली, पण बसली नाही. मी बाटली दिली. ती थोडं पाणी प्यायली, थोडं सांडलं. श्वास घेताना तिच्या गळ्यातून आवाज येत होता.

"बस म्हणतेय ना."

"नाही."

"अगं, झालं आता. मी सांगतेय, बस."

"तू बघतेयस, मी बसते का."

"तुझी शपथ, न्हाय बघत."

तिनं माझ्याकडं बघितलं. डेअरीत मी लोकांकडं बघते तसंच बघितलं, चेहऱ्याकडं नाही, चेहऱ्यापलीकडं काहीतरी. आणि ती चालायला लागली. मी मघापासून जे रडू आवरून धरलं होतं ते तिथं आलं. पण ती पुढं गेली होती, तिला ते दिसलं नाही.

मग ती पुढं आणि मी मागं. स्कूटी पायांनी ढकलत, मधेच चालू करत, टेम्पोसारखी. पुलाकडच्या उतारावर ती थोडी पळाली, परत कुशीला हात लावून चालली. पूल आला, ती पुलावरून चालत गेली. गुऱ्हाळाजवळ मी रसाला थांबूया म्हणाले, तिनं मान हलवली. मी एकदाही पळ म्हणाले नाही. आणि तरीसुद्धा, लिहायला लाज वाटते, पण माझी नजर तिच्या बुटांवर होती. बूट धुळीनं भरलेले होते. पण एवढी धूळ थोडक्या चालण्यातही बसते. मी तिला पुलाच्या पलीकडं गाठलं होतं. त्याआधीचं मी काही बघितलं नव्हतं. वाटेला किती तरी गावांचे टेम्पो होते. एखाद्यात ती चढणीच्या माथ्यापर्यंत बसून आली असेल तर? तिच्या पाठीकडं बघत मी हा विचार केला, आणि तो मनातून काढता काढता कल्याण मंटप मागं पडलं.

कमानीत कुणी नव्हतं. आरत्या होऊन गेल्या होत्या, रस्त्यावर फुलांचा चुरा पडला होता, चौकात स्पीकर वाजत होता. कमानीच्या कट्ट्यावर आप्पा आणि त्यांच्या वयाची दोघं-तिघं बसली होती. शेजारी मंडळाची पोरं सरबत पीत उभी होती. शर्ट वाळत आले होते.

लेक कट्ट्यापाशी आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली.

"कुठनं गं आलीस?" आप्पांनी विचारलं.

"गडापासनं."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण गालातल्या गालात हसला. आप्पाही हसले, आणि नातीला जपून म्हणाले, "व्हय व्हय. आमी बी गडापासनंच."

"दुसऱ्या गावाच्या टेम्पोत बसली आसंल," सरबतवाल्यांतला एक हळूच म्हणाला. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

लेक ताठ झाली. तिनं त्या पोराकडं बघितलं नाही, आप्पांकडंही नाही. माझ्याकडं बघितलं.

"पळत?" आप्पांनी विचारलं.

"थोडं पळत," ती म्हणाली. "लई चालत."

माझ्या घरात, माझ्या माहेरात, कुठल्याच गावात, गडापासून आलेल्या एकाही माणसाच्या तोंडून मी आजवर 'चालत' हा शब्द ऐकला नव्हता. कट्ट्यावरचे सगळे आता माझ्याकडं बघत होते. गावात खरं-खोटं मी ठरवते हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी वाटेवर गेले होते हेही.

"मी बघितलेलं न्हाय," मी म्हणाले. "पुलाच्या अलीकडचं मी बघितलंय, पलीकडचं न्हाय. पर ती गडापासनंच आलीया."

 आप्पांचं हसू गेलं. त्यांनी तिच्या बुटांकडं बघितलं, मग रस्त्याकडं, वळणाच्या दिशेनं, बराच वेळ. मग ते थोडे सरकले आणि कट्ट्यावर तिला जागा केली.

ती लगेच बसली नाही. आधी तिनं माझ्याकडं परत एकदा बघून घेतलं, मी खरंच बोलले का ते. मग बसली.